आवणीच्या आधी गुडघ्यांची मशागत



आपल्या कार्यक्रमात बियाण्यावर बोलणं होतं, खतावर होतं, भाताच्या करप्यावर होतं. बैलाच्या खांदेसुजीवर काय लावावं तेही सांगितलं जातं. पण ज्या दोन गुडघ्यांवर ही सारी शेती उभी असते, त्यांची चौकशी कोणी करीत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "आता वय झालं!" पंचेचाळिशी-पन्नाशीच्या माणसाला हे उत्तर देऊन कसं चालेल? त्याला अजून पंधरा-वीस पावसाळे खाचरात उतरायचं आहे. म्हणून हे पत्रक. जामसर आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची कामं डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलं आहे, पण जव्हार-मोखाड्यात जिथं जिथं उतारावर नागली-वरई आणि खाली खाचरात भात आहे, तिथं सगळीकडे ते लागू पडेल.

पहिली गोष्ट ही की, दुखणाऱ्या गुडघ्याचे तुम्ही एकटेच धनी नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे ती झाली. ४,०९२ प्रौढ माणसांना विचारलं, तेव्हा दर शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्यात गुडघ्याची तक्रार सर्वांत पुढे होती. ज्याला खरा संधिवात म्हणतात, हातापायांची बोटं वाकडी करणारा, तो मात्र दोनशे माणसांत एखाद्यालाच होता. म्हणजे गुडघा दुखला की "वात आला" म्हणून घाबरून जायचं कारण नाही. बहुतेकांचं दुखणं झिजेचं आणि कामाच्या ताणाचं असतं, आणि त्यावर आपल्या हातात बरंच काही आहे.

गुडघ्यात असतं काय?

मांडीचं हाड आणि नळीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. मध्ये दोन चकत्या असतात, गादीसारख्या. आणि सांध्यात थोडंसं चिकट वंगण असतं. बैलगाडीच्या आसाची आठवण होईल, पण एक मोठा फरक आहे. गाडीचा आस उभ्या गाडीत झिजत नाही. गुडघ्याचं उलटं आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोसणारा रस सांध्यातल्या वंगणातूनच येतो, आणि तो आत शिरतो हालचालीनं. ओलं फडकं दाबलं की पाणी निघतं, सोडलं की परत शोषलं जातं, तसं. चाललात तर कूर्चा जेवते. महिनाभर बाजेवर पडून राहिलात तर ती उपाशी राहते, आणि वर मांडीचा स्नायू सुकतो.

हा मांडीच्या पुढचा स्नायू नीट ध्यानात घ्या. पाय जमिनीवर पडतो तेव्हा हिसका आधी तो झेलतो, मग उरलेला भार हाडावर जातो. तो हडकुळा झाला की सगळा हिसका थेट सांध्यात. दुखतं म्हणून आपण पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू सुकतो, सुकला म्हणून जास्त दुखतं. या चक्रात पुष्कळ माणसं अडकतात, आणि "विश्रांती घ्या" असं सांगणारे सल्लागार त्यांना अजून आत ढकलतात. दोन-चार दिवसांची विश्रांती सूज उतरायला चांगली. त्याहून जास्त नको.

चरबी अंगावर नाही, डोक्यावर आहे

शहरात गुडघेदुखीवर पहिला सल्ला मिळतो वजन कमी करण्याचा. तो खरा आहे, पण आपल्या पाड्यांवर कमी करायला वजन आहेच कुणाचं? मग काटक माणसांचे गुडघे का झिजतात? चीनमध्ये बीजिंग शहरातल्या म्हाताऱ्या बायकांची तुलना अमेरिकेतल्या बायकांशी केली, तेव्हा चिनी बायका अंगानं हलक्या असूनही त्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त आढळली. पुढं असंही दिसलं की, तरुणपणी जी माणसं दिवसाचे कित्येक तास उकिडवी बसत, त्यांच्यात ती अधिक होती. आपल्याकडे चूल जमिनीवर, भांडी जमिनीवर, आवण उपटायचं उकिडवं बसून, बेणणी उकिडवं बसून. दिवाळीनंतर जी मंडळी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, त्यांची थापणी तर सगळी त्याच बैठकीत.

दुसरं कारण डोक्यावरचं ओझं. सपाटीवर साधं चालताना एका गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. उतरताना तो तिपटीच्याही वर जातो. डोक्यावरचं ओझं याच हिशेबात धरायचं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. त्यानं गुडघ्यावर पस्तीस-चाळीस किलो वाढतात. दोन हंड्यांची उतरंड घेऊन झऱ्यावरून चढणाऱ्या बाईचा हिशेब तुम्हीच करा. पन्नाशीच्या बाईनं दोन हंड्यांच्या एका फेरीऐवजी एका हंड्याच्या दोन फेऱ्या कराव्यात. वेळ जास्त जाईल हे कबूल. रस्ता बरा असेल तर ढकलायचा गोल ड्रम वापरावा. आणि घरातल्या पुरुष मंडळींना विनंती आहे की, पाणी आणणं हे बाईचंच काम असा काही सरकारी ठराव झालेला नाही. मोळीचंही तसंच. लाकडं लहान मोळ्यांनी, दोन दिवसांत आणा.

कामाची रीत थोडी बदला

सगळ्यांत जास्त जपायचं ते चिखलात. आवणीच्या वेळी पाय पोटरीपर्यंत रुतलेला असतो आणि बाजूची मूठ घ्यायला आपण कमरेतून वळतो. पाय जागचा हलत नाही, अंग फिरतं, आणि पिळा बसतो तो गुडघ्यातल्या चकतीला. "कट्" असा आवाज येऊन गुडघा त्याच रात्री सुजला, असं सांगणारी माणसं बहुतेक अशीच जखमी झालेली असतात. म्हणून आधी पाय सरळ वर उपसायचा, वळवून टाकायचा, मग अंग वळवायचं. मुठी एका बाजूला ढीग करून ठेवू नका. खाचरात पुढं-मागं अशा फेकून ठेवा की वळावंच लागू नये.

आवण उपटताना उकिडवं बसण्याऐवजी बुडाखाली काहीतरी घ्या. वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा चालतो, घट्ट बांधलेला पेंढाही चालतो. हसणारे हसतील, हसू द्या. गुडघा पूर्ण दुमडला की आत दाब सर्वांत जास्त असतो. तो वीतभर उंचीनंही पुष्कळ उतरतो. अर्ध्या तासानं उठावं, बांधावर चार पावलं चालावं, पाय दोन-तीनदा सरळ करावा, पुन्हा बसावं. बेणणीलाही हाच नियम. नागली दोरी धरून ओळीत लावली असेल तर ओळींमधलं तण उभ्यानं, लांब दांड्याच्या हातकोळप्यानं काढता येतं. भातात ओळी असल्या तर कोनो वीडर चालवता येतो. ओळीतल्या लावणीचे पिकाला होणारे फायदे आपण ऐकून आहात. गुडघ्याला होणारा फायदा कोणी मोजत नाही, म्हणून इथं सांगितला.

ज्यांची चिखलणीच आता झेपत नाही त्यांनी सगुणा राइस टेक्निकची माहिती घ्यावी. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी ही पद्धत रुजवली. यात चिखलणी नाही, रोप नाही, आवणी नाही. एकदा गादीवाफे करायचे आणि साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं. पीक कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यांवर पुढचं पीक घ्यायचं. पहिल्या वर्षी वाफे करायला राबावं लागतं, आणि तणनाशक वेळेवर व बेतानं वापरावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं शेत एकदम बदलू नका. गुंठा-दोन गुंठ्यांवर पाहा. डहाणू तालुक्यात कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं किंवा आपल्या कृषी सहायकाकडे चौकशी करावी.

डोंगर चढ-उतारासाठी काठी घ्या. काठी धरायची दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय बरोबर टाकायचे. बहुतेक लोक उलट धरतात आणि मग काठीचा काही उपयोग नाही म्हणतात. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. उतार सरळ न उतरता नागमोडी उतरावा. गुडघेदुखीत खरा त्रास देतो तो उतार, चढ नव्हे.

घरात चूल वीत-दोन वीत उंच ओट्यावर घेता आली तर उत्तम. नाही तर चुलीपुढं पाट न ठेवता उंच ठोकळा ठेवा. शौचाला बसताना-उठताना धरायला भिंतीला पक्का बांबू ठोका. ज्यांना बसताच येत नाही त्यांच्यासाठी जुन्या खुर्चीच्या बैठकीला मोठं भोक पाडून घ्या, सुताराला तासाभराचं काम.

दोन महिने आधीची मशागत

जमीन जशी पावसाच्या आधी तयार करतो तसाच मांडीचा स्नायू आवणीच्या आधी तयार करायचा. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, आधी फरक दिसत नाही. भट्टीवरची मंडळी घरी परततात तो अक्षय्य तृतीयेचा सुमार धरा. तेव्हापासून आवणीपर्यंत आठ-दहा आठवडे मिळतात. तेवढे पुरतात.

बाजेवर किंवा ओट्यावर पाय लोंबते सोडून बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, मांडी घट्ट करा, मनात दहा अंक मोजा, हळूच खाली सोडा. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो. मग उताणे निजा. एक गुडघा दुमडून ठेवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, पाच अंक धरा, खाली ठेवा. हेही दहा-दहा वेळा. ज्यांचा गुडघा फारच दुखतो त्यांनी नुसती चादरीची घडी गुडघ्याखाली ठेवून ती गुडघ्यानं खाली दाबावी आणि दहा मोजावे. त्यात सांधा हलत नाही, स्नायू मात्र राबतो. पंधरवड्यानं शेवटचा व्यायाम जोडा. बाजेच्या कडेवर बसून, हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळू बसायचं, दहा वेळा. हळू बसण्यातच खरी ताकद येते. धपकन बसलात तर काही मिळालं नाही.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असं पुष्कळजण विचारतील. प्रश्न बरोबर आहे. पण राबताना दुखरा पाय आपण नकळत वाचवतो आणि चांगल्याकडून जास्त काम घेतो. दुखऱ्या पायाची मांडी दोरी घेऊन मापून पाहा, बहुधा चांगल्या पायाहून बारीक भरेल. व्यायामात त्या पायाला पळवाट नसते. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवा. सूज आली तर निम्मं करा, सोडू मात्र नका.

ताठरलेल्या गुडघ्याला गरम फडक्याचा शेक बरा वाटतो. मुरगळून नुकताच सुजलेल्या गुडघ्याला पहिले दोन दिवस थंड पाण्याचं फडकं ठेवावं, शेकू नये आणि चोळू तर मुळीच नये. तेलानं हलकं चोळल्यानं बरं वाटत असेल तर जरूर चोळा. तेल सांध्यात शिरत नाही, पण हाताची ऊब शिरते. तापलेल्या लोखंडानं डाग देणं मात्र बंद करा. कातडी भाजते, आतलं दुखणं तिथंच राहतं.

गोळी, सुई आणि पुडी

बाजाराच्या दिवशी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि उपाशीपोटी खाऊन शेतात उतरायचं, ही सवय घातक आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी दुखणं थांबतं, पण जठरात जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडाला इजा पोचते. आपल्याकडची गिधाडं कुठं गेली हे जुन्या माणसांना कोडं पडलं होतं. गुरांना टोचलेलं हेच औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं बंद पडून ती मेली. हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आलं. माणसाचं शरीर ते पुष्कळ जास्त सोसतं. तरीही महिनोन् महिने, घाम गाळत, कमी पाणी पिऊन आणि वर दारू घेऊन या गोळ्या खाणाऱ्याला मूत्रपिंडाचा धोका आहेच. रक्तदाब असलेल्यांनी, जळजळ होणाऱ्यांनी त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नयेत. गरज पडली तर जेवून, थोडे दिवस. वरून लावायचं मलम त्या मानानं निर्धोक.

नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या विकणारे गावोगाव फिरतात. एका दिवसात गुण आला तर संशय घ्या. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सलाईनच्या बाटलीनंही गुडघ्यात ताकद येत नाही, त्यात मीठ-साखरेचं पाणीच असतं.

कधी थांबायचं नाही

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर ते झिजेचं दुखणं नव्हे. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. थोड्याच दिवसांत सांधा कायमचा जाऊ शकतो. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, किंवा चालताना एकाएकी दगा देत असेल, तर चकती किंवा आतला बंध फाटलेला असू शकतो. सकाळी उठल्यावर तासाहून जास्त ताठरपणा राहत असेल आणि हातांचे लहान सांधेही सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केली तर बोटं वाकडी होत नाहीत. झिजेच्या गुडघ्याचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तापानंतर सगळेच सांधे धरले असतील तर चिकुनगुन्या आठवावा. आपल्या राज्यात १९७३ साली बार्शीला त्याची साथ आली होती आणि २००६ साली पुन्हा मोठी आली. तो ताप चार दिवसांत जातो, सांधे मात्र महिनोन् महिने दुखतात.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची ती सिकलसेलची. आदिवासी समाजात हा रक्ताचा आजार आई-बापांकडून येतो. त्यात हाडं-सांधे असह्य दुखतात आणि खुब्याच्या हाडाचा गोळा सुकू शकतो. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, आणि माणूस वर्षभर गुडघ्यालाच तेल चोळत बसतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा तरुण माणसाचे सांधे वारंवार दुखत असतील, तर रक्ताची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. अशा माणसानं दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्याचं मूत्रपिंड आधीच नाजूक असतं.

झीज फारच पुढं गेली, रात्रीची झोप जाऊ लागली, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, आणि सरकारी योजनेत आपलं बसतं का ते रुग्णालयातच विचारावं. या शस्त्रक्रियेनं दुखणं जातं, चालणं सुधारतं. पण नंतर उकिडवं बसणं आणि जड ओझं वाहणं बहुतेकांना मना असतं. म्हणजे चूल, शौचाची जागा आणि शेतातली कामाची वाटणी आधी बदलावी लागते. हे ठरवून मगच होकार द्यावा.

जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढच्या तपासणीसाठी जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. जाताना आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुड्यांचे कागद बरोबर न्या आणि काही न लपवता दाखवा. वाट उतरणीची असेल तर पाड्यावरच्या आशाताईंना आधी भेटा, डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते त्यांच्याकडून कळेल आणि फुकटची फेरी वाचेल.